ड्रायव्हर की डॉक्टर

खून ड्रायव्हरनेच केला, याबद्दल उद्धवरावांना पंचेचाळीस वर्षांत तीळभर शंका आली नव्हती. गिरजाबाई मात्र डॉक्टरवर अडून होत्या. लग्नानंतर दोघांनी पिंपरीत पाहिलेला तो पहिला सिनेमा, काळापांढरा, खुनाचा. कारखान्याच्या तिसऱ्या पाळीची बस चुकेल म्हणून उद्धवरावांनी शेवटची वीस मिनिटं राहिली असताना बायकोला उठवलं होतं. तेव्हापासून संत तुकाराम नगरातल्या त्या दोन खोल्यांत हा खटला चालूच होता.

आता खटल्यातला एक पक्ष हैदराबादला होता. मुलीच्या, तनुजाच्या, बाळंतपणासाठी गिरजाबाई तीन महिन्यांच्या बोलीवर गेल्या, त्याला चौदा महिने झाले. तनुजा वडिलांनाही बोलवायची. घर कोण बघणार, म्हणून उद्धवराव टाळायचे. खरं तर घरात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. चहा मात्र ते अजून दोघांचा टाकत आणि दुसरा कप गार झाल्यावर स्वतःच पीत.

अशात चिंचवडला जुन्या सामानाच्या दुकानात त्यांना त्याच सिनेमाची डीव्हीडी सापडली. त्यांनी माळ्यावरचा प्लेअर उतरवला. रविवारी दुपारी तीनला व्हिडिओ कॉल लावून मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवला, टीव्हीकडे तोंड करून.

"आज तुझा डॉक्टर फासावर जायचा वाचतोय बघ," त्यांनी जाहीर केलं.

पण त्या एवढ्याशा चित्रात गिरजाबाईंना माणूस कुठला नि सावली कुठली ते कळेना. ऐकू तर आधीच कमी. मग उद्धवराव सिनेमा सांगू लागले. मशिनींच्या खडखडाटावर ओरडण्यात त्यांची उमर गेली होती. तोच आवाज त्यांनी लावला.

"गळा दाबला, गिरजा! मान टाकली! आता कपाटात कोंबतोय! कपाटात!"

भिंतीपलीकडे जयसिंग चाकणची रात्रपाळी करून झोपला होता. तीन महिन्यांपूर्वी राहायला आलेल्या त्या बिचाऱ्यानं गिरजाबाईंना कधी पाहिलंच नव्हतं. तो उठला तो थेट समोरच्या कौशल्याबाईंकडे गेला. गिरजाबाई हैदराबादला आहेत, हे कौशल्याबाईंना माहीत होतं. पण चौदा महिने कोण लेकीकडे राहतं, असं म्हणून त्यांनीही पदर खोचला. वाटेत वॉचमन मिळाला. दार नुसतं लोटलेलं होतं.

तिघं आत शिरले. जयसिंगनं इकडंतिकडं न बघता सरळ टीव्हीशेजारचं कपाट गाठलं आणि उघडलं.

आत गिरजाबाईंच्या साड्या होत्या, इस्त्रीच्या, एकावर एक. डांबराच्या गोळ्यांचा आणि गिरजाबाईंच्या पावडरीचा वास खोलीभर पसरला. चौदा महिने उद्धवरावांनी ते कपाट उघडलं नव्हतं. त्या वासानं ते जागच्या जागी थिजले.

"माझं कपाट कोण उघडतंय?" साखरेच्या डब्याला टेकलेल्या मोबाइलमधून गिरजाबाईंचा आवाज आला.

जयसिंग दचकून मागं सरला. पाय वायरीत अडकला आणि प्लेअर खाली आला. डीव्हीडीला मधोमध तडा गेला. शेवट पुन्हा गेला.

माफी मागून सगळे परतल्यावर उद्धवराव मोबाइल हातात घेऊन पलंगावर बसले.

"राहिलं बघ," ते म्हणाले.

"तुमचं राहिलं. मी कधीच पाहिलाय," गिरजाबाई म्हणाल्या. "त्याच आठवड्यात शेजारच्या सावित्रीबाईंबरोबर जाऊन शेवट बघून आले होते."

मग इतकी वर्षं भांडत का होतीस, असं उद्धवरावांनी विचारलं.

"तुम्ही एरवी बोलायचात कुठं? पाळीवरून आलात की जेवायचं नि झोपायचं. ह्या खुनावर मात्र तासभर बसायचात."

उद्धवरावांनी मोबाइल तोंडाजवळ धरला. मग हळूच म्हणाले, "ड्रायव्हरच ना?"

"फोनवर नाही सांगत. इकडं या."

मंगळवारी त्यांनी घराची किल्ली जयसिंगकडे दिली आणि हैदराबादची गाडी धरली. नातीला धड घेतलंही नाही, तोच त्यांनी प्रश्न टाकला. गिरजाबाईंनी आमटी वाढता वाढता सांगून टाकलं, "डॉक्टर."

उद्धवरावांचा त्यावर काडीचा विश्वास बसला नाही. हातातला घास ताटात ठेवून त्यांनी ड्रायव्हरविरुद्धचा पहिला पुरावा मांडला, आणि गिरजाबाई पाट ओढून समोर बसल्या.