मल्लाप्पा गवा गवतगाडी शिकतो

एका जंगलात, मुलांनो, सगळं ठीक चाललं होतं. त्यामुळे सांगण्यासारखी गोष्टच घडत नव्हती. मग तिथला राजा एका लग्नासाठी परमुलखात जाऊन आला आणि आपली सोय झाली.

राजा म्हणजे सिंह. नाव रुद्रप्रताप. त्याच्या गुहेपुढे भलंमोठं अंगण होतं. टेकाडापासून ओढ्यापर्यंत नुसतं गवत. ते गवत कायम बेताचं असायचं. ते बेताचं कसं राहतं, हा प्रश्न राजाला कधी पडला नव्हता. राजाला पडू नयेत म्हणून प्रश्न प्रधानाकडेच अडवले जात.

खरं कारण साधं होतं. मल्लाप्पा नावाचा गवा, त्याची बायको गंगव्वा आणि तिच्या माहेरचा कळप रोज सकाळी तिथे चरत असे.

लग्नाहून आल्यापासून राजा आपल्या अंगणाकडे बघून नाक मुरडत होता. शेवटी दरबारात त्याने तोंड उघडलं.

"त्यांच्या अंगणातल्या गवतावर पट्टे आहेत," राजा म्हणाला. "एक फिका, एक गडद. एक फिका, एक गडद. आपल्याकडे पट्टे का नाहीत?"

वाघ चटकन उठून उभा राहिला. त्याला वाटलं, आपलं नाव पुकारलं.

"तू बस," राजा म्हणाला.

तर अशा रीतीने जंगलात तसे पट्टे पाडणारी गवतगाडी आली. लालभडक. वर गुबगुबीत खुर्ची, पुढे स्टिअरिंग, पोटाखाली गरगर फिरणारं पातं. आपण खुर्चीत बसून गाडी हाकायची, गवत खालच्या खाली कापलं जातं. सगळ्या जंगलाने तोंडात बोट घातलं. ज्यांना बोटं नव्हती त्यांनी खूर घातला.

आता गाडीला कापायला गवत नको का? म्हणून अंगणात चरायला बंदी झाली. गव्यांचा कळप टेकाडामागच्या माळावर गेला. तिथे दगड होते आणि करवंदीच्या जाळ्या होत्या. दगड जरा मऊ होते.

गाडी चालवणार कोण? माकड बसलं, पण ते इतकं हलकं की गाडीला कुणी बसल्याचं कळलंच नाही. हत्ती बसू लागला तेव्हा गाडी किंचाळली. मग प्रधानाने मल्लाप्पाला बोलावलं. प्रधान साळिंदर होता. त्याला कुणी पाठीवर थाप मारत नसे, म्हणून तो इथवर पोचला होता.

"मल्लाप्पा, तुझा जन्म गवतात गेला," प्रधान म्हणाला. "चालक हो. रोज सरकीची पेंड मिळेल."

मल्लाप्पाने घरी येऊन गंगव्वाला विचारलं.

"जावा," गंगव्वा म्हणाली. तिच्या ओठाला काटा लागून रक्त आलं होतं. "त्यातली थोडी पेंड हिकडं आणा. लेकरं काटं खाऊन वाळल्याती."

शिकवायला खिदळकर गुरुजी होते. जातीचे तरस. कुणी चुकलं की त्यांना हसू आवरत नसे, म्हणूनच त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला होता.

"आधी ब्रेकवर पाय," गुरुजी म्हणाले. "मग चोक ओढा. मग किल्ली फिरवा."

मल्लाप्पाने तिन्ही एकदम केलं. गाडीने एक उचकी दिली आणि बंद पडली. गुरुजी लोळून लोळून हसले.

नंतर ती सुरू झाली. मल्लाप्पाने दांडा ओढून पातं खाली सोडलं. बाजूच्या तोंडातून कापलेल्या गवताचं हिरवंगार कारंजं उडालं. काय तो वास, मुलांनो! मल्लाप्पाने कित्येक दिवसांत ओलं पान चाखलं नव्हतं. तो एक घास घ्यायला बाजूला वाकला. गाडी बंद. बसून पुन्हा सुरू केली, पुन्हा वाकला. पुन्हा बंद.

"खुर्चीवरनं बूड उचललं की ती बंद पडते," गुरुजी डोळे पुसत म्हणाले. "चालक पडला तर पात्याखाली येऊ नये, म्हणून तशी केलीय."

"आणि चालकाला भूक लागली तर?"

"त्याची सोय केलेली नाही."

शिवाय कापलेलं गवत म्हणजे कचरा, असा राजाचा हुकूम होता. राजाच्या अंगणातला कचरा कुणी खाल्ला तर राजाची अब्रू जाते. म्हणून तो ओढ्यात सोडायचा. मल्लाप्पा दिवसभर गवत कापायचा, ते वाहून जाताना बघायचा आणि पेंड खायचा.

पहिला पट्टा नागमोडी निघाला. दुसरा पहिल्याला जाऊन धडकला. मग मल्लाप्पाने वारूळ कापलं. मुंग्यांनी त्याला गाडीसकट ओढ्यापर्यंत पळवलं. पुढच्या खेपेला तो टेकाडाच्या उतारावर आडवा गेला. गाडी कलंडली, तो कलंडला आणि दोघंही गडगडत पाण्यात गेले. तिथे मगरीने जबडा उघडला, गाडी पाहिली आणि मिटून घेतला.

"उतारावर आडवं जायचं नसतं," काठावरून गुरुजी म्हणाले. "सरळ वर, सरळ खाली."

"हे आधी सांगायचं होतंत!"

"आधी सांगितलं असतं तर तुमच्या लक्षात राहिलं असतं का?"

संध्याकाळी मल्लाप्पा माळावर आला तेव्हा त्याच्या कानात शेवाळ होतं. एक शिंग चिखलाने भरलं होतं.

"मला नाही जमत, गंगव्वा," तो म्हणाला. "सगळं जंगल हसतंय."

गंगव्वा त्याचं शिंग चाटून साफ करू लागली. "अवो, वासरू पयल्या दिशी उभं ऱ्हातंय का? पडतंय, उठतंय, परत पडतंय. तुमी अजून धा येळा पडा. हसणाऱ्यांस्नी हसू द्या. पेंड कुठाय?"

मल्लाप्पा पडत राहिला. हळूहळू त्याला गाडीचं मन कळू लागलं. दगड दिसला की पातं उचलायचं. मागे घेताना मागे बघायचं. नवा पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवायचा, म्हणजे मध्ये शेंडी राहत नाही. दवाने भिजलेल्या गवताला हात लावायचा नाही, कारण ते पात्याला गुंडाळतं.

एक दिवस टोकाला जाऊन त्याने गाडी थांबवली आणि वळून बघितलं. ओढ्यापर्यंत एक सरळ रेघ गेली होती. गवा कधी सरळ रेषेत चरत नाही. जन्मात पहिल्यांदा आपल्या हातून काहीतरी सरळ झालेलं तो बघत होता. त्याला रडू आलं. गुरुजी हसायचं विसरले.

इथवर ठीक होतं. पुढे मल्लाप्पा बिघडला. शिंगांना तेल लावू लागला. पाणी प्यायला ओढ्यावर गाडीने जाऊ लागला. चार पायांनी चालणं त्याला कमीपणाचं वाटू लागलं. माळावर पेंड पोचवायला उशीर होऊ लागला, आणि पोचवली तरी तो खुर्चीतूनच खाली टाकी. गंगव्वा ती उचलायची आणि काही बोलायची नाही. मुलांनो, बायको काही बोलत नाही तेव्हा घाबरावं. पण मल्लाप्पाला गाडीच्या आवाजात ते ऐकू आलं नाही.

मग बातमी आली. ज्यांच्याकडे लग्न होतं ते परमुलखातले राजेसाहेब पाहुणे म्हणून येणार होते. मल्लाप्पाच्या मिरवण्यात गवत गुडघाभर वाढलं होतं आणि नेमकी आदल्या दिवशी अवेळी सर पडून गेली.

"महाराज, गवत ओलं आहे," मल्लाप्पा म्हणाला. "आज कापता येणार नाही."

"आम्ही आज्ञा दिल्यावर ते ओलं राहीलच कसं?" राजा म्हणाला.

मल्लाप्पाने गाडी घातली. ओल्या गवताचे लोळे पात्याला गुंडाळले. गाडी गुरगुरली, थरथरली, आणि आतून फट्ट असा आवाज आला. पातं फिरवणारा पट्टा तुटला होता. दुसरा परमुलखातून यायला दोन महिने लागणार होते.

"उद्या दुपारी पट्टे दिसले नाहीत," राजा म्हणाला, "तर संध्याकाळी तू दिसणार नाहीस."

मल्लाप्पा माळाकडे पळत सुटला. चार पायांनी.

"गंगव्वा, गाडी मेली. आता मी मरतो."

"मग आमी काय करू?"

"चरा!"

कळपाने कान टवकारले. गंगव्वाने शांतपणे विचारलं, "चरायला बंदी हाय न्हवं?"

मल्लाप्पा गडबडला. "हे चरणं नाही. ही देखभाल आहे."

"पोटभर देखभाल करू देतासा?"

"हवी तेवढी. आणि गंगव्वा... मी खुर्चीवरनं पेंड फेकली. चुकलं माझं."

"ते मागनं बघू," गंगव्वा म्हणाली. "चला गं!"

उजाडताना कळप अंगणात उतरला. गंगव्वाने ओळी लावल्या. एक ओळ चरत ओढ्याकडे गेली. शेजारची ओढ्याकडून वर आली. जिथे गवत खाली कललं तिथे गडद दिसलं, जिथे वर कललं तिथे फिकं. मधोमध गाडीवर मल्लाप्पा बसला होता. मागून गंगव्वाचा मामा गाडी ढकलत होता आणि मल्लाप्पा तोंडाने घुर्रर्र करत होता.

खिदळकर गुरुजी हे बघून जमिनीवर लोळले. राजा गुहेतून डोळे चोळत बाहेर आला.

"गुरुजी, हसताय का?"

"आनंदाने, महाराज!"

"आणि एवढे गवे कशाला?"

"नव्या पद्धतीत मदतनीस लागतात," प्रधान म्हणाला. त्याला सगळं कळलं होतं. म्हणून तो प्रधान होता.

दुपारी पाहुणे आले. त्यांनी पट्टे बघितले आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांच्या घरच्या पट्ट्यांपेक्षा हे सरस होते.

"पेट्रोल किती पिते?" त्यांनी विचारलं.

"थेंबसुद्धा नाही," प्रधान म्हणाला.

"आमची तर नुसती ढोसते!" पाहुणे मल्लाप्पाकडे वळले. "खरं सांग. हे काम कुणी केलं?"

मल्लाप्पाने गंगव्वाकडे पाहिलं. ती सावलीत रवंथ करत बसली होती. पोट तट्ट फुगलं होतं. शेजारी वासरं आडवीतिडवी झोपली होती. खरं सांगावं, तिचं नाव घ्यावं, असं त्याला आतून वाटलं. त्याने तोंड उघडलं. गंगव्वाने रवंथ थांबवला आणि हळूच मान हलवली. नको.

तिचं बरोबर होतं. नाव झालं असतं, आणि उद्यापासून पुन्हा करवंदी.

"गाडीने केलं, महाराज," मल्लाप्पा म्हणाला.

टाळ्या झाल्या. राजाने गाडीला झेंडूचा हार घातला. भाषणं चालू असताना तो मामाने खाल्ला.

दोन महिन्यांनी गाडीचा नवा पट्टा आला. मल्लाप्पाने तो गळ्यात घालून बघितला, बरा दिसला, तसाच ठेवला. प्रधानाने गंगव्वाला देखभालप्रमुख नेमलं. पेंड आता तिला मिळते. मल्लाप्पाला ती देते, पण उभी राहून, वरून टाकते. पाहुण्यांनी ही पद्धत मागून घेतली. ती शिकवायला गंगव्वाच्या माहेरची सहा माणसं, म्हणजे गवे, परमुलखात गेली आणि तिकडचं खाऊन गुबगुबीत झाली. खिदळकर गुरुजींनी चालकांसाठी नवा वर्ग काढला आहे. तिथे ब्रेक, चोक, किल्ली काही शिकवत नाहीत. सगळे गोल बसतात आणि सकाळभर घुर्रर्र करतात. गुरुजींना हल्ली हसू येत नाही. एखाद्याचा सूर चुकला की ते फार गंभीर होतात.

तात्पर्य : मान खाली घालून खाल्लं तर त्याला चरणं म्हणतात आणि त्यावर बंदी येते. मध्ये यंत्र ठेवून खाल्लं तर त्याला योजना म्हणतात आणि तिला हार घालतात. तेव्हा मुलांनो, मोठेपणी काहीही खा, पण आधी एक यंत्र आणा. चालू नसलं तरी चालेल.