शेवंताकाकूंचं कालवण

आमच्या शेजारच्या शेवंताकाकू ताटात वांगं वाढतात आणि बजावतात, "काटा बघून खाय बरं." वांगं उभं चिरलेलं असतं, एका टोकाला शेपटीसारखं कातरलेलं, देठाशी काळ्या मिऱ्याचा डोळा. नवा पाहुणा खरंच घास चाचपून बघतो. काकू हसत नाहीत.

काकूंचं माहेर बंगालमध्ये, खाडीकाठच्या एका गावात. दगडूकाका ट्रकवर होते, तेव्हा तिकडूनच लग्न करून त्यांना पिंपळगाव रेणुकाईला घेऊन आले. मूळ नाव शेफाली. गावानं त्याचं शेवंता करून टाकलं. सासर माळकरी, घरात मासळीचं नावही निघत नसे. काकूंनी वाद घातला नाही. त्यांनी वांग्यालाच मासा केलं. रश्श्यात सांडगे सोडले, की ती कोळंबी.

मराठी त्या आमच्यासारखीच बोलतात. फक्त त्यांच्या घरी बैल 'आली' आणि म्हैस 'आला'.

हिवाळ्यातल्या दुपारी त्या ज्वारीच्या रानाकडे तोंड करून ओट्यावर बसतात. वारा सुटला की सगळं रान एका अंगाला लवतं, मग सावकाश उठतं. काकू अर्धे डोळे मिटून म्हणतात, "भरती येऊन राह्यली." मीही कधी शेजारी बसतो. थोड्या वेळानं मलाही तिथे होड्या दिसायला लागतात.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा धाकटा भाऊ निमाई पहिल्यांदाच इकडे आला. दगडूकाकांनी कुणाला न सांगता भोकरदनहून मासे आणले आणि मळ्यात चूल मांडून दिली. "चालू द्या तुमचं," म्हणाले, आणि स्वतः लांब लिंबाखाली पाठ करून बसले. मी मासे खाणारा, म्हणून मला बोलावणं होतं.

काकूंनी मोहरी वाटली. मासा तेलात सोडला आणि त्या बोलायच्याच थांबल्या. नजर कुठेतरी लांब लागलेली. हात मात्र आपले आपण चालत होते. शेंगदाण्याचा कूट पडला, काळा मसाला पडला, वरून कोथिंबीर पडली.

निमाईनं भातावर रस्सा घेतला. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मग मलाही कळावं म्हणून की काय, हळूच हिंदीत म्हणाला, "दीदी, माँ ऐसा नहीं बनाती थी."

काकूंचा हात पातेल्यावरच राहिला. "मंग आई कसं करायची रे?" त्यांनी मराठीतच विचारलं.

निमाईला ते कळलं असावं. तो आठवू लागला. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्या चुलीपाशी तो कधी बसला नव्हता. बसायची ती ही बहीण.

"हल्दी... नमक..." एवढं म्हणून तो थांबला. "याद नहीं, दीदी."

"मलाबी न्हाई," काकू म्हणाल्या.

चुलीतलं लाकूड निवत आलं होतं. मग निमाईनं ताट पुढे केलं आणि काकू वाढू लागल्या.

लिंबाखालून दगडूकाकांनी, पाठ न वळवताच, विचारलं, "बराबर जमलं का?"

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "बिलकुल," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "आईवानी झालं."

निमाई मान खाली घालून जेवत राहिला.