दोनशे पिशव्या आणि आजोबांचे दोन डोळे

सुरुवातीलाच सांगून टाकते. नियोजनात माझा हात धरणारं कोणी अख्ख्या पोर्ट क्लेमन्समध्ये नाही! गेल्या वर्षापर्यंत मी फोनवर पिझ्झा मागवायलासुद्धा घाबरायचे, हे खरं. पण यंदा शाळेच्या वादविवाद संघात माझी निवड झाली, आणि तेव्हापासून मला गप्प बसवणं कोणालाही जमलेलं नाही. आईला तर नाहीच नाही!

म्हणून हेरन्स लागोपाठ सतरावा सामना हरले, तेव्हा मी जाहीर केलं, "बस्स! आता मी बघते!"

हेरन्स हा आमच्या गावचा बेसबॉल संघ. हेरन म्हणजे बगळा. "बगळा निदान मासा तरी पकडतो गं," आजोबा म्हणायचे, "यांच्या हातात चेंडू ठेवला तरी खाली पडतो!"

चौदाव्या विभागात आजोबांच्या नावावर एकतीस वर्षं दोन खुर्च्या आहेत. दुसरीत मी बसते, माझे पाय जमिनीला टेकत नव्हते तेव्हापासून. प्रत्येक सामन्याचा हिशोब आजोबा चौकटीचौकटींच्या वहीत पेन्सिलीने लिहितात. कोणी कुठे मारला, कोण कुठे बाद झाला, सगळं. मी अक्षरं नंतर शिकले, त्या खुणा आधी!

तर त्या रविवारी सकाळी आजोबा पॅनकेकवर पाक ओतत अगदी शांतपणे म्हणाले, "हॅली, आज मी खुर्च्या सोडण्याचा अर्ज देणार आहे. भरून खिशात ठेवलाय. आज शेवटची तारीख. सामना संपला की खिडकीवर देऊन मोकळा."

"आजोबा! एवढे चिडलात?"

"चिडलो असतो तर प्रश्नच नव्हता," ते म्हणाले. "पूर्वी हरले की मी घरी येऊन रेडिओला शिव्या द्यायचो. परवा हरले आणि मी घरी येऊन सूप प्यायलो. छान लागलं सूप!"

निघताना पाहिलं, तर हिशोबाची वही टेबलावरच राहिली होती. विसरले नव्हते. ठेवली होती.

पण मी कशाला घाबरतेय? माझी योजना तयार होती! हरणाऱ्या संघाचे प्रेक्षक फार वैतागले की डोक्यावर कागदी पिशवी घालून बसतात. म्हणजे, आम्ही यांचे आहोत हे कोणाला कळू नये! एकदोघांनी घातली तर गंमत. पण दोनशे जणांनी घातली तर? मालकाला लाज वाटणार, तो चांगले खेळाडू आणणार, आजोबा अर्ज फाडणार. इतकं सोपं!

वाणसामानाच्या दुकानातून दोनशे खाकी पिशव्या आणल्या होत्या. एकेक कापत कोण बसणार? बाबांच्या ड्रिल यंत्राला गोल कापायचं पातं लावलं, वीस-वीस पिशव्यांची चळत रचली, आणि डोळ्यांची भोकं पाडून टाकली! मापाला माझंच डोकं घेतलं. पिशवी डोक्यावर चढवली, डोळ्यांसमोर खूण केली, झालं. पिशव्या कापल्या त्या दिवशी मी डोक्यावर उंच अंबाडा बांधला होता. हे आत्ता तुम्हाला महत्त्वाचं वाटणार नाही. मलाही वाटलं नव्हतं!

मैदानावर पिशव्या गरम पॉपकॉर्नसारख्या खपल्या. ठरलं असं, की दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला घालायच्या आणि पाचवा संपला की काढायच्या. मी ओरडले, "एक, दोन, तीन!" दोनशे डोकी खाकी झाली. माझं धरून. माझे केस आज मोकळे होते.

आणि काळोख! डोळ्यांपुढे नुसता कागद! वारा मात्र छान ओठांवर लागत होता.

"हॅली!" मागच्या रांगेतून प्लंबिंगवाले स्प्रॅगकाका गरजले. "भोकं तोंडाशी आलीयत! मला मैदान दिसत नाहीये!"

"काका, बंड म्हणजे सोय नव्हे!" मी म्हणाले. वादविवाद संघाचा हा फायदा.

"राहू दे रे स्प्रॅग," माझ्या शेजारच्या ओडेटबाई म्हणाल्या. सव्वीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. त्यांनी नुसता घसा खाकरला तरी अजून अर्धं गाव सरळ बसतं. "हेरन्स दिसत नाहीत म्हणजे सुटीच की! आणि दाणे बघ कसे सरळ आत जातायत!"

खरंच, भोकं खायला उत्तम होती. विभागभर शेंगा फुटू लागल्या. ओडेटबाईंच्या सुया न बघताच लोकर विणू लागल्या. मागे कोणीतरी घोरायला लागलं. फक्त आजोबांनी पिशवी घेतली नव्हती. "एकतीस वर्षं उघड्या तोंडाने हरलोय," ते म्हणाले होते, "आज शेवटचं कशाला झाकू?"

पाचवा डाव संपला. "चला, काढा पिशव्या!" मी हुकूम सोडला.

"कोणी काढायची नाही!"

आवाज आजोबांचा होता. पण असा आवाज मी त्यांच्याकडून फार दिवसांत ऐकला नव्हता.

"का हो?" स्प्रॅगकाकांनी विचारलं.

आजोबा हळूच म्हणाले, "टॅलबट फेकतोय. फळ्यावर समोरच्यांच्या धावा शून्य. आणि त्याच्या शेजारीही शून्य."

घोरणारा माणूस घोरायचा थांबला.

शेजारचं शून्य म्हणजे, समोरच्या एकाही माणसाला अजून एकही धड फटका मारता आलेला नाही! नऊच्या नऊ डाव असेच गेले, तर त्याला एक नाव आहे. पण ते घडत असताना ते नाव कोणी उच्चारत नाही. जागा बदलायची नाही, चेंडू फेकणाऱ्याशी बोलायचं नाही, जे जसं चाललंय त्यातलं काहीही बदलायचं नाही. बदललं की संपलं! ते नाव मी इथेही लिहिणार नाही, माफ करा.

आणि टॅलबट! अडतीस वर्षांचा, गुडघ्याला पट्टा, गेल्या महिन्यात स्वतःच्याच बुटाच्या नाडीत अडकून पडलेला टॅलबट!

"पिशव्या पाहिजेतच," ओडेटबाई कुजबुजल्या. "पिशव्या आल्या तेव्हापासूनच हे चाललंय."

"पण आम्हाला दिसणार कसं?" स्प्रॅगकाका रडवेले झाले. "इतक्या वर्षांनी बघण्यासारखं काहीतरी आलं, आणि मी पिशवीत!"

"कॅझिमिर," ओडेटबाई आजोबांना म्हणाल्या, "तुम्हीच सांगा आता. तुमचे डोळे तेवढे उघडे आहेत."

"पेन्सिल आहे का कोणाकडे?" आजोबांनी विचारलं. ओडेटबाईंनी शब्दकोड्याची पेन्सिल पुढे केली. कागद सरकल्याचा आवाज आला.

मग आजोबा उभे राहिले! "उंच उडालाय, डावीकडे... धावतोय आपला, धावतोय... अरे गाढवा, मागे जा... पकडला! पकडला रे!" दोनशे पिशव्या आनंदाने सळसळल्या. सातव्या डावात आपली एक धाव झाली, तेव्हा आजोबा इतके ओरडले की पलीकडच्या विभागानेही स्वतःचं बघणं सोडून आजोबांना ऐकायला सुरुवात केली. आठव्यात त्यांचा घसा बसला. तरी बोलतच होते. मधूनमधून पेन्सिल खरखरत होती.

नववा डाव. पहिला बाद. दुसरा बाद. मग टॅलबटने चार चेंडू बाहेर टाकले आणि एकाला फुकट पहिल्या टप्प्यावर जाऊ दिलं. फटका नव्हे, त्यामुळे चालतं! आता एकच माणूस उरला होता.

आणि आजोबा बोलायचे थांबले.

"काय झालं? कॅझिमिर?"

अख्ख्या मैदानात कोणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. मला वाटलं, आजोबांना काही झालं तर नाही ना? मी... म्हणजे... मी पिशवी जराशी, अगदी भुवयांपर्यंत, वर केली.

आजोबा उभे होते. तोंड उघडं, टोपी छातीशी घट्ट धरलेली, डोळ्यांत पाणी. नऊ वर्षांच्या मुलासारखे दिसत होते.

ठक्!

दोनशे पिशव्या एकदम निघाल्या! त्या दिवशीच्या सामन्यातली एवढीच एक गोष्ट चौदाव्या विभागाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली : चेंडू भिंतीपलीकडे जाताना. दोन धावा. आमचे शेवटचे तिघे पाच मिनिटांत बाद झाले. लागोपाठ अठरावा!

"कोणी काढली?" ओडेटबाई हळूहळू वळल्या. "चेंडू मारायच्या आधी पिशवी कोणी काढली?"

मी माझ्या पिशवीची घडी घालायला लागले.

"कोणीही नाही," आजोबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मी बघत होतो ना!"

तिकिटांच्या खिडकीपर्यंत ते तावातावाने बडबडत गेले. "खाली फेकायचा होता! छातीएवढा देतात का कोणी? आणि अडतीस वर्षांच्या हाताला नवव्यात ठेवतात? त्या प्रशिक्षकाला तळ्यात बुडवा!" आजोबा चिडले होते! मला इतका आनंद झाला की काय सांगू!

खिडकीतल्या बाईंनी हात पुढे केला. आजोबांनी खिशातून अर्ज काढला, उलटा केला, आणि थबकले. मागच्या बाजूला पेन्सिलीच्या बारीक चौकटी होत्या. टॅलबटने बाद केलेला एकेक माणूस होता.

"मागे लिहिलेलं चालेल, आजोबा," बाई म्हणाल्या. "पुढची बाजू भरलीये ना? द्या."

"नाही. हा देता येणार नाही."

"मग कोरा देऊ?"

"नको. मला चष्म्याशिवाय भरता यायचा नाही."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

गाडीत बसल्यावर त्यांनी चावी लावली. मग म्हणाले, "तू चेंडूकडे नव्हतं बघितलंस. माझ्याकडे बघितलंस."

"आजोबा, सॉरी! माझ्यामुळेच..."

"सव्वीस वर्षांपूर्वी असाच सामना होता. आठव्या डावात माझ्या तोंडावर ऊन येत होतं, म्हणून मी एक खुर्ची पलीकडे सरकलो." त्यांनी गाडी सुरू केली. "दुसऱ्याच चेंडूवर फटका. ओडेटला कळता कामा नये."

तो अर्ज आता आमच्या फ्रिजवर आहे. शेवटच्या चौकटीत फटक्याची खूण आहे आणि तिच्या कोपऱ्यात आजोबांनी एक इवलीशी पिशवी काढलीये, दोन भोकांची. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला ओडेटबाई भोपळ्याचं गोड सारण भरलेला 'पंपकिन पाय' घेऊन आल्या. फ्रिजसमोर वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

"हे काय काढलंय?"

"कप!" आजोबा म्हणाले.

"बादली!" मी म्हणाले. एकाच वेळी.

ओडेटबाईंनी आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. नाताळात त्यांच्याकडून माझ्या नावाने एक पुडकं आलं. आत स्वतः विणलेली लोकरीची टोपी होती, पार हनुवटीपर्यंत येणारी. सोबत चिठ्ठी : पुढच्या मोसमात हीच घालायची.

डोळ्यांना भोकं ठेवलेली नाहीत.