पंखे दोन की तीन?

"दुकानातला संगणकाचा तयार डबा उचलायला मी काय कारकून आहे?" दशांशराव गरजले. "एकेक भाग मी निवडणार!"

दशांशराव पंपांच्या कारखान्यातले अभियंते. दाढीसुद्धा मोजून करायचे, म्हणून हे नाव पडलं. पंप तयार होण्याआधी त्यातून पाणी कसं वाहील, ते संगणकावर गणित मांडून दाखवायचं, हे त्यांचं काम. पण संगणक असा मठ्ठ, की एका पंपाचं गणित सुटेपर्यंत दशांशरावांचा दोनदा राजीनामा लिहून व्हायचा. कित्येक वर्षं भांडल्यावर साहेबांनी नव्याला मंजुरी दिली होती.

"पाचपर्यंत यादी द्या," साहेबांनी बजावलं. "नाहीतर पैसे विक्री विभागाच्या सोफ्याला!"

"सोफ्याला? लोळायला पैसे आहेत आणि कामाला नाहीत?" दशांशरावांचं टाळकंच सरकलं.

दुपारपर्यंत प्रोसेसर ठरला, मेमरी ठरली, ग्राफिक्स कार्ड ठरलं. घोडं अडलं ते पंख्यांपाशी. कॅबिनेटला पुढून पंखे दोन लावायचे की तीन?

"लावा की तीन!" दुकानदार फोनवर म्हणाला.

"लावा की? हवा कुठून शिरेल, कुठे अडेल, काही हिशेब? सगळा अंदाजपंचे दाहोदरसे कारभार!" त्यांनी फोन आदळला आणि दुसऱ्या कुणाच्या स्वप्नातही येणार नाही असं काम केलं. नव्या संगणकात हवा कशी खेळेल, याचं गणित जुन्या संगणकावर सोडवायला लावलं!

जुना घरघरू लागला. शेजारच्या टेबलावरच्या ड्रॉइंगवाल्या बाई दचकल्या.

"अहो, यादी देऊन टाका ना. पंख्याचं नंतर बघा."

"अर्धवट यादी? माझ्या सहीची?"

"बरं, निदान ते कॅटलॉग तरी..."

"हात लावू नका! क्रमाने लावलेत!"

पंख्यांच्या कॅटलॉगची चळत त्यांनी जुन्या संगणकाच्या डोक्यावर रचली होती. वरून कोटही टाकला होता. दशांशराव पडद्यावर डोळे लावून बसले. हवेच्या निळ्या रेषा हळूहळू उमटत होत्या. साहेबांचा शिपाई दोनदा डोकावला, दोनदा शिव्या खाऊन गेला. पाचाला थोडा अवकाश होता, गणित संपतच आलं होतं, आणि पडदा काळा झाला! गणित गेलं, त्यातच टाइप केलेली यादीही गेली. करपल्याचा वास तेवढा राहिला.

"कुणी बंद केला? कुणी?" दशांशराव टेबलावर मुठी आपटत ओरडले.

बाईंनी कोट उचलला, कॅटलॉग उचलले. खालची जाळी पूर्ण झाकली गेली होती. हात लावला तर चटका बसला.

"हवा जायला वाटच नव्हती हो," त्या म्हणाल्या.

आठवड्याने विक्री विभागात सोफा आला. दशांशरावांना साहेबांनी टेबलफॅन पाठवला, जुन्या संगणकावर वारा घालायला. जुना कसाबसा जिवंत झाला होता. बाई फॅनचं बटण दाबायला गेल्या.

"थांबा!" दशांशराव कडाडले. "फॅनचा कोन कोण काढणार? तुमचे वडील?"

आणि त्यांनी जुन्यावर फॅनचं गणित लावलं.