लाल दिवा आणि मॅन्युअलमधली पळवाट

गाडी यापुढे शक्यतो थांबवायचीच नाही, हा निर्णय मी एका सोमवारी सकाळी सिग्नलला थांबलेलो असताना घेतला.

गाडी बावीस वर्षांची आहे. (लग्नाला एकवीस झाली. म्हणजे माझ्यावर गाडीचा हक्क आधीचा, असं मी एकदाच म्हणालो होतो.) सिग्नलला उभा असताना तेलाच्या बुधलीचं चित्र असलेला लाल दिवा लुकलुकला. सिग्नल हिरवा झाला, मी ॲक्सिलरेटर दाबला, दिवा विझला. पुढच्या सिग्नलला पुन्हा हजर.

एरवी मी सरळ मेकॅनिककडे गेलो असतो. पण त्या महिन्यात गाडी तीनदा गॅरेजला जाऊन आली होती आणि बायकोने जाहीर केलं होतं, "चौथ्यांदा गेली तर तिथूनच विकायची." बायको अतिदक्षता विभागात नर्स आहे, कुठलीही गोष्ट दोनदा सांगत नाही. आणि मला गाडी विकायची नव्हती. घरात टीव्हीवर काय लावायचं ते मुलगी ठरवते, जेवायला काय ते बायको, आणि ऑफिसात मी कुठल्या पेनाने लिहायचं तेसुद्धा हेडक्लार्क. डावीकडे वळायचं की उजवीकडे, एवढं तरी माझं मी ठरवतो ते त्या गाडीत. (बायको शेजारी नसेल तेव्हा.) ती गेली असती तर मला खरोखर वाईट वाटलं असतं.

म्हणून बिघाडाचं निदान आपणच करू म्हटलं आणि सिग्नलला उभ्या उभ्याच मॅन्युअल काढलं. त्यात ठळक अक्षरांत सूचना होती की, इंजिन चालू असताना हा दिवा लागल्यास इंजिन ताबडतोब बंद करावे.

मी चोवीस वर्षं कारकुनी केली आहे. नियम दिसला की तो पाळायचा कसा, हे मी बघत नाही; तो आपल्याला लागू होतो का, ते बघतो. इथे 'दिवा लागल्यास' असं म्हटलं होतं. लागूच दिला नाही तर? इंजिन जोरात फिरत असलं की दिवा लागत नव्हता. म्हणजे त्याला हळू फिरू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. ही पळवाट मला इतकी आवडली की मी मॅन्युअल तिथेच मिटलं. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिनातली पट्टी पुसून मग तेल मोजावं, हे पुढच्या पानावर होतं. मी घरी आमच्या गेटच्या उतारावरच पट्टी बाहेर काढली, तेल कमी वाटलं, म्हणून लिटरभर ओतलं. दिवा बधला नाही. मागून निळसर धूर मात्र येऊ लागला.

मंगळवारपासून बायकोला हॉस्पिटलला सोडताना मी सिग्नल नसलेले रस्ते धरले.

"अहो, हॉस्पिटल मागे गेलं."

"माहीत आहे. वळसा घेतोय."

वळसा घेऊन गेटपाशी आलो. "उतर," मी म्हणालो.

"आधी थांबवा तरी."

"थांबल्यासारखीच आहे."

ती उतरली, दोन पावलं गाडीबरोबर चालली आणि खिडकीतून म्हणाली, "मला सोडायचा कंटाळा आलाय का? पुढे कुणाला घ्यायचंय?"

"कुणाला घेणार? तिलाही पळतच चढावं लागेल ना."

(या उत्तराचा फायदा झाला नाही. बुधवार पूर्ण अबोल्यात गेला.)

जिथे थांबणं टळत नसे तिथे मी गिअर काढून ॲक्सिलरेटर दाबून ठेवत असे. एका सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरच्या पेन्शनर गृहस्थांना ते आव्हान वाटलं. त्यांनी हेल्मेटची काच खाली ओढली आणि हिरवा होताच असे सुटले की मीच घाबरलो.

शुक्रवारी बायकोला सोडताना रस्ता खणलेला निघाला. पुढे रोलर, मागे रांग. मी पाय दाबून बसलो आणि गाडी जागच्या जागी गर्जू लागली.

"अहो, पाय काढा."

"नाही काढता येत."

"कधीपासून?" तिचा आवाज एकदम बदलला. "पोटरीत गोळा आलाय? बोटं हलवून दाखवा."

मी काही बोलायच्या आत तिने वाकून माझा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि पोटरी चोळायला घेतली. इंजिन शांत झालं आणि लाल दिवा लागला. तिने दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पाय खाली ठेवला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"किती दिवस झाले?"

"सोमवारपासून."

"आमच्याकडे अलार्म वाजला की आधी पेशंट बघतात," ती म्हणाली. "तुम्ही पेशंटला पळवत ठेवलंत."

तिने स्टिअरिंग धरलं, मी ढकलून गाडी कडेला घेतली. तिने वॉर्डला उशीर होईल म्हणून कळवलं आणि मेकॅनिकला फोन केला. तो स्कूटरवरून आला. इंजिनच्या बाजूचा, तो दिवा लावणारा अंगठ्याएवढा स्विच काढून त्याने तिथे तेलाचा दाब मोजायचं मीटर बसवलं आणि बायकोला गाडी सुरू करायला सांगितली. काटा वर चढला आणि स्थिर राहिला.

"दाब बरोबर आहे, ताई. इंजिन ठणठणीत. स्विच खराब झालाय, उगाच बोंबलत होता." पिशवीतून नवा स्विच काढून त्याने बसवला. मग तेलाची पट्टी पाहिली आणि थबकला. "यात तेल कुणी ओतलं?"

मी रोलरकडे बघत होतो.

"लिटरभर जास्त आहे. धूर त्याचा. असंच आणखी पळवलं असतं तर धडधाकट इंजिन फुकट गेलं असतं." त्याने जादा तेल मी धरलेल्या डब्यात काढलं.

मी घसा साफ केला. "एक मुद्दा. गाडी गॅरेजला गेलेली नाही. मेकॅनिक गाडीकडे आला. तेव्हा अट मोडलेली नाही."

बायको म्हणाली, "मान्य. गाडी विकायची नाही."

मला इतका आनंद झाला की तिने स्टिअरिंग सोडलेलं नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही. मेकॅनिकच्या आलं.

"यापुढे गाडी कोण चालवणार, ताई?"

"मीच."

"मग अजून दहा वर्षं बघायला नको," तो म्हणाला आणि त्याने बॉनेट लावलं.

तिने आरशात बघितलं, हात दाखवला आणि गाडी रांगेत घातली. मी तेलकट हातांनी कडेला उभा. मेकॅनिकने स्कूटर सुरू केली आणि मागची सीट पुसली.

"बसा साहेब, सोडतो ऑफिसला," तो म्हणाला. "फक्त कशाला हात लावू नका."