आतली किल्ली आणि वाघोबांचं शिबिर

एका जंगलात भिवरी नावाची भेकरी राहत होती. भेकर म्हणजे कुत्र्यासारखं भुंकणारं लहानखुरं हरीण. तुम्ही ते पाहिलं नसेल, मुलांनो. तुम्ही पडद्यावरचे डायनासोर पाहता, भेकर कशाला पाहाल? असो.

भिवरीकडे जंगलाचा पहारा होता. वाघाचा वास आला की तिनं भुंकायचं आणि बाकीच्यांनी पळायचं, अशी तिथली रीत होती. सगळे पळत, धापा टाकत. आणि थोड्या वेळानं काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चरायला लागत. हे असं कसं होतं, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

भिवरीला मात्र त्रास होता. तिला नुकतंच पाडस झालं होतं. तेव्हापासून पान हललं तरी ती चरायचं सोडून पाडसाकडे धावे. शेवटी ती साळिंदर वैद्यांकडे गेली. त्यांच्याकडे रोगी लांबूनच नाडी दाखवत. कारण उघड आहे.

"वैद्यबुवा, वाघ गेला की बरं वाटतं. पण ते बरं वाटणं टिकत नाही."

"ते टिकायचं नाहीच," वैद्य म्हणाले. "आपल्या डोक्यात बारीक बारीक कुलपं असतात. जीव फार घाबरला की अंग स्वतःच एक किल्ली घडवतं. लागेल तिथं, लागेल तेवढीच. कुलूप उघडतं, जीव थाऱ्यावर येतो. मग अंगच ती किल्ली मोडून टाकतं."

"मोडतं कशाला?"

"वाघ उद्याही येणार असतो म्हणून."

हे उत्तर भिवरीला आवडलं नाही. ती तिथून उठली आणि थेट अस्वलाकडे गेली.

ओढ्याकाठी भांग माजली होती. तिथं अस्वलानं शांती केंद्र उघडलं होतं. "वैद्य सांगतो तशीच किल्ली माझ्या पाल्यात आहे, ताई," अस्वल म्हणालं. "त्याच कुलपात बसते. शिवाय घरच्या किल्लीसारखी लगेच मोडत नाही. सकाळी चघळा, संध्याकाळपर्यंत निवांत."

वैद्यांनी लांबून ओरडून सांगितलं, की एकाच कुलपात बसली म्हणून ती घरची होत नाही. ही पाल्यातली किल्ली नको त्या दारांतही शिरते आणि निघता निघत नाही. पाल्यात दुसराही एक अंश आहे, तो हे कुलूप फिरवायला जात नाही आणि झिंगही आणत नाही. पण ज्यात झिंग नाही त्याचं नाव अस्वल कशाला घेईल?

भिवरीनं पाला चघळला. त्याच दिवशी तिच्या पहाऱ्यावर वाघ समोरून आला. तिला वास आला, तो दिसलाही.

"काय सुंदर पट्टे आहेत," ती म्हणाली. "या ना, बसा."

वाघाला जन्मात कुणी 'बसा' म्हटलं नव्हतं. तो संकोचला. थोडा वेळ बसला. मग उठून शेजारचा ससा घेऊन गेला. ससाही पाल्यावरच होता. जाता जाता त्यानं सगळ्यांना हात हलवून निरोप दिला.

संध्याकाळी भिवरीची झिंग उतरली. सशाच्या जागी आपलं पाडस असू शकलं असतं, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं. ती पाडसाला चाटत राहिली आणि रडत राहिली. पाला तिनं त्याच क्षणी सोडला.

मग सभा भरली. वैद्यांनी सगळं पुन्हा समजावलं. शांतीची किल्ली अंगातच घडते, पाला बंद करा, असं विनवलं. आणि नवल म्हणजे वाघोबांनी त्यांना पाठिंबा दिला. हो, वाघ सभेत होता. अध्यक्ष व्हायला दुसरं कोण मोकळं असतं?

"वैद्यांचं मला शंभर टक्के पटलं," वाघोबा म्हणाले. "किल्ली आतच आहे. मग बाहेरचा पाला कशाला? आणि ही पळापळ तरी कशाला? उद्यापासून माझ्या गुहेसमोर शिबिर. भीती वाटली की डोळे मिटायचे आणि आतली किल्ली फिरू द्यायची. लेकराबाळांना आवर्जून आणा."

"मी असं म्हणालो नव्हतो," वैद्य पुटपुटले. टाळ्यांमध्ये ते कुणाला ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे डोळे मिटून बसले. अस्वल शिबिरप्रमुख झालं होतं. भिवरीही पाडसाला घेऊन बसली. पाला सोडल्यामुळे तिची भीती वेळेवर आली. तिनं एक डोळा किलकिला केला. वाघोबा पाडसापासून दोन हातांवर होते आणि त्यांचे डोळे उघडे होते.

भिवरी भुंकली. अशी भुंकली की डोंगरापलीकडची माकडं आणखी वरच्या फांदीवर चढली. सगळे उधळले. पाडस वाचलं. वाघोबा उपाशी राहिले. लांब जाऊन सगळे धापा टाकत थांबले. अंगांनी आपापल्या किल्ल्या घडवल्या. हळूहळू सगळ्यांना छान वाटायला लागलं.

छान वाटल्यावर त्यांना राग आला.

"आत्ता कुठे जरा समाधी लागत होती," चितळ म्हणालं.

"हिचं नेहमीचंच आहे," रानडुक्कर म्हणालं. "स्वतः घाबरते आणि दुसऱ्यालाही सुखानं बसू देत नाही."

भिवरीचा पहारा काढून घेतला. तिला पाडसासकट ओढ्यापलीकडे हाकलून दिलं. ठराव एकमतानं झाला. वैद्य विरोधात होते, पण त्यांच्या जवळ जाऊन मत घ्यायला कुणी धजावलं नाही.

भिवरी आता ओढ्यापलीकडे राहते. पान हललं की मायलेकरं भुंकतात, पळतात आणि मग निवांत चरतात. मला तिचं फार कौतुक वाटतं, पण माझं कोण ऐकतं? इकडे शिबिर जोरात चाललं आहे. गर्दीची तक्रार तर अजिबात राहिलेली नाही. रोज सकाळी आदल्या दिवसापेक्षा ऐसपैस बसायला मिळतं.

तात्पर्य : मनःशांती हवी असेल तर आधी पहारेकऱ्याला हाकलावं. वाघ एका वेळी एकालाच त्रास देतो, भुंकणारा मात्र सगळ्यांनाच.