लाइट काही जाईना

पत्र्यावर सोलर बसवून महिना होत आला, आणि लाइट काही जाईना.

याआधी ती रोज जायची. अंगाला साबण लावला की जायची, मिक्सरमध्ये वाटण अर्धं झालं की जायची, आणि मॅच रंगात आली की हटकून जायची. मग काका चष्मा लावून वीज कार्यालयाला अर्ज लिहायला बसत. त्यांनी इतके अर्ज खरडले होते की गल्लीत सगळे त्यांना 'अर्जवाले काका' म्हणूनच ओळखत. शेवटी काका वैतागले. स्वयंपाकघराच्या नव्या ओट्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यांनी काकूंना गोडीगुलाबीने पटवून थेट पत्र्यावर चढवले.

काकूंनी अट घातली होती. "एकदा लाइट जाऊ दे. घरात उजेड राहिला, तर ओट्याचं नाव काढणार नाही. अंधार झाला, तर दुसऱ्या दिवशी ओटा फोडायला माणूस, आणि तोही तुमच्या स्कूटरसाठी साठवलेल्या पैशांतून. आणि तोवर मी रोज नाव काढणार."

काकू शब्दाच्या पक्क्या. सकाळचा चहाच मुळी ओट्याच्या भेगेपासून सुरू व्हायचा. "आजही झुरळ निघालं हो भेगेतून. सांगा तुमच्या सोलरला." काका निमूटपणे फडकं घेऊन वर चढायचे आणि पॅनेल पुसायचे. पत्रा धडाधडा वाजायचा, आणि पॅनेलखालच्या सावलीत झोपलेलं मांजर त्यांच्याकडे त्रासून बघायचं.

न राहवून एक दिवस काकांनी खांबाखाली वायरमनला गाठलं.

"काय हो, लाइट का जात नाही?"

वायरमनला वाटलं, आपल्याच ऐकण्यात घोटाळा झाला. "जात नाही?"

"नाही ना! महिना झाला!"

"अहो काका, तुमच्याच अर्जांची कमाल. साहेब इतके कंटाळले, की तुमच्या गल्लीला नवाकोरा ट्रान्सफॉर्मर देऊन टाकला. आता निवांत झोपा."

काकांची झोपच उडाली.

त्यात रविवारी संध्याकाळी मेव्हणे आले. काकूंचा हा धाकटा भाऊ तोंडाचा भलता फटकळ. "दाजी, पत्र्याला शोभा आलीय हां! पण चालतं का? की नुसतंच ऊन खातं?"

काकू गालातल्या गालात हसल्या. ते हसणं काकांच्या जिव्हारी लागलं. "चप्पल बाहेर राहिली वाटतं," असं पुटपुटत ते व्हरांड्यात गेले, इकडेतिकडे पाहिलं, मीटरची पेटी उघडली आणि मेन स्विच खाली ओढला.

घरातला एकही दिवा लुकलुकला नाही. पंखा फिरतच राहिला. काका धावत आत आले.

"लाइट गेली! लाइट गेली!"

मेव्हण्यांनी वर दिव्याकडे पाहिलं. "कुठे गेली?"

"गेलीय! पण आहे!"

"दाजी, बसा. पाणी घ्या."

"अरे, हेच तर सोलर! गेलेली कळतसुद्धा नाही!"

मेव्हणे उठून खिडकीशी गेले. "सगळ्या गल्लीत दिवे आहेत की. म्हणजे सोलर बसवून तुमच्या एकट्याचीच लाइट गेली?"

मेन स्विचचं सांगावं तर लबाडी उघडी पडणार, न सांगावं तर सोलर खोटं ठरणार. काकू मात्र एकाएकी मायाळू झाल्या. "असू दे रे, म्हणतात तर खरं असेल. मी आपली कामं उरकून घेते."

त्यांनी मिक्सर लावला. मग इस्त्री काढली. चादरी झाल्या, अभ्रे झाले, भावाच्या अंगातला शर्टही उतरवून घेतला. काकांना फिटरने बजावलेलं आठवलं, की उन्हात काहीही चालवा, पण रात्री नुसत्या बॅटरीवर दिवे-पंखेच, इस्त्री मात्र नको. पण बोलायची सोय कुठे होती?

"अगं, पडद्यांना कशाला इस्त्री?"

"आहे उजेड तोवर करून घेते."

दुसरा पडदा अर्धा झाला आणि घरात काळाकुट्ट अंधार झाला. बाहेर गल्ली लखलखत होती. समोरच्या आजी खिडकीतून ओरडल्या, "काय हो अर्जवाले, तुमच्याकडेच अंधार? आमच्याकडून वायर टाकू का?" मेव्हणे बनियनवर पोट धरून हसत सुटले.

"थांबा," म्हणून काकू उठल्या. अंधारात कुठेही न अडखळता थेट मीटरच्या पेटीपाशी गेल्या आणि त्यांनी मेन स्विच वर केला. घर उजळलं.

काका चपापले. "तुला कसं कळलं?"

"खिडकीतून बघत होते. चप्पल शोधायला कुणी मीटरची पेटी उघडतं का?"

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर इस्त्री लावू दिली असती का तुम्ही? अंधार झाला. आता ओटा."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी जुना ओटा निघाला. दगड कापायचं मशीन घरघरू लागलं, आणि काका तोंडाला रुमाल बांधून, आपली स्कूटर धुळीत जाताना बघत उभे राहिले. तेवढ्यात गल्लीतून ओरड झाली, "गेली रे लाइट!" नव्याकोऱ्या ट्रान्सफॉर्मरने मान टाकली होती. समोरच्या आजी पुठ्ठ्याने वारा घेत बाहेर आल्या. काकांच्या घरात मशीन घरघरतच होतं.

"अगं, तुमच्याकडे कशी लाइट?" आजींनी विचारलं.

काकांनी घाईघाईने रुमाल खाली ओढला, पण काकू त्यांच्याआधी दारात पोचल्या होत्या. "आमच्याकडे नाही जात हो. यांनी सोलर बसवलंय ना पत्र्यावर. फार लांबचा विचार असतो यांचा!"

काकांना शब्दन् शब्द ऐकू आला होता. तरी कानाला हात लावून ते आतून ओरडले, "काय म्हणालीस? मशीनमुळे काही कळलं नाही. जरा मोठ्याने सांग!"